हिराताई आणि माझी ज्युडोची जोडी

मला आयुष्यात एकाच माणसाने उचलून जमिनीवर आपटलं आहे.

तिला जाऊन आज एक वर्ष झालं.

हिराताई. माझी ज्युडोमधली पार्टनर. गेली तेव्हा अडुसष्टची होती.

हसू नका. मी चौसष्टची आहे आणि खरंच ज्युडो करते.

सुरुवात बाथरूममध्ये झाली. आमचे हे गेल्यानंतरचं वर्ष. नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये मी एकटी, मुलगी बंगलोरला. एका सकाळी पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण उठताच येईना.

कामवाल्या मावशींकडे चावी होती. त्या यायला दोन तास होते.

दोन तास मी ओल्या फरशीवर पडून नळाकडे बघत होते.

डॉक्टर म्हणाले, "पायांत ताकदच उरलेली नाही. नुसतं चालून भागणार नाही, वजनं उचला."

म्हणून साठाव्या वर्षी जिम. मी एक किलोचं डंबेल घेऊन थरथरत होते. शेजारी सुनेचा ट्रॅकसूट घातलेली एक बाई चाळीस किलोचा बार उचलून सरांना विचारत होती, "एवडाच?"

ती हिराताई. लहानपणापासून मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिलेली. पुढे मुलाने घरच्या शेतावर बिल्डिंग उभी केली आणि आईला जवळच्याच करंजाड्याला सातव्या मजल्यावर नेऊन ठेवलं.

"हातांना कामच नाय ओ मॅडम. शुगर वाढली नुसती."

जिमच्या मागच्या हॉलमध्ये सर ज्युडो शिकवायचे. एक दिवस आम्हा दोघींना म्हणाले, "ताकद येईल हो. पण पडायचं कसं, तेही शिकून घ्या."

तीन महिने आम्ही फक्त पडलो. हनुवटी छातीला, हात मॅटवर सपकन, डोकं मॅटपासून वर. सोमवार-गुरुवार वजनं, बुधवार-शनिवार ज्युडो. स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशी फेकाफेकी बंद, हा सरांचा नियम. दमलेले पाय दगा देतात म्हणायचे.

मग एका शनिवारी हिराताईने मला कमरेवर घेतलं आणि फेकलं.

मी छताचा पंखा बघत पडून राहिले.

"लागला काय?"

"नाही."

"मग उट की."

आणि मी उठले. कोणाचा हात न धरता.

त्या दिवसापासून मी मॅडमची शुभा झाले.

एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. हे गेल्यापासून मला कोणी हात लावलेला नव्हता. मुलगी यायची तेव्हा मिठी मारायची, वर्षातून दोनदा. बाकी काही नाही. आणि आता आठवड्यातून दोन दिवस एक माणूस माझी कॉलर घट्ट धरून उभं असायचं. तिच्या हाताला खोबरेल तेलाचा वास यायचा.

मला मात्र दोन वर्षं तिला फेकता आलं नाही. कितीही ओढा, जागची हलायचीच नाही. "जेवून येत जा गो," म्हणायची.

मग ती बारीक व्हायला लागली.

मी म्हणायचे, "काय मस्त वजन उतरवलंस गं! मला पण सांग काय खातेस."

ती हसायची.

आणि एका शनिवारी मी तिला फेकलं. स्वच्छ, कमरेवरून. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. सरसुद्धा. मी घरी जाताना जिलबी घेतली, मुलीला फोन करून दोनदा तेच सांगितलं.

बुधवारी हिराताई आली नाही. फोनवर म्हणाली, पाहुणे आलेत. पुढच्या आठवड्यातही पाहुणेच.

तिसऱ्या आठवड्यात मी करंजाड्याला गेले. सुनेने दार उघडलं.

"आई हॉस्पिटलमध्ये आहेत. पोटात गाठ आहे. त्यांना तीन महिन्यांपासून माहीत होतं. आम्हालाच आत्ता कळलं."

तीन महिने. म्हणजे मी खाण्याचं गुपित विचारत होते, तेव्हा तिला सगळं माहीत होतं.

हॉस्पिटलमध्ये भेटले तेव्हा कॉटवर तिच्या अंगाखाली गादीसुद्धा दबत नव्हती.

"मला सांगायचंस तरी."

"सांगितला असता तर तू मला धरली असतीस काय? काचेसारकी जपली असतीस."

मी तिचं पांघरूण सारखं केलं. मग न राहवून विचारलं, "त्या दिवशी मुद्दाम पडलीस ना?"

ती चिडली. खरंच चिडली.

"मुद्दाम पडायला मी काय येडी हाय? तू फेकलंस."

मला अजून माहीत नाही, ती खरं बोलली का.

अकरा दिवसांनी सरांचा मेसेज आला.

तिच्या गावच्या घरी गेले तेव्हा अंगणात दोनशे माणसं होती. मी भिंतीजवळ उभी राहिले. तिच्या मुलाने जवळ येऊन नम्रपणे विचारलं, "तुमी कोण?"

काय सांगणार? नातेवाईक नाही, शेजारीण नाही, गावची नाही. ज्युडो पार्टनर असं त्या अंगणात तोंडातून निघेना.

"जिममधली ओळख," म्हटलं.

त्याने मान हलवली आणि पुढे गेला.

वर्षभर ते दोन शब्द मला छळतायत.

जिम सुटली नाही. वजनं वाढली आहेत. ज्युडोला आता एक कॉलेजची मुलगी पार्टनर आहे. गोड आहे. दर वेळी विचारते, "आजी, चालेल ना?" कॉलर दोन बोटांनी धरते.

आज वर्षश्राद्ध असेल त्यांच्याकडे. मला बोलावणं नाही. येणारही नव्हतं, कारण मी कोण ते त्यांना मीच सांगितलं नाही.

म्हणून इथे सांगते. मी हिराताईची मैत्रीण होते. गेल्या काही वर्षांत मला तेवढी एकच होती.

हिराताई, फार आठवण येते गं.

मनापासून श्रद्धांजली.

तुझी शुभा