पोटखराब

नागनाथ नेरडीगोंड्याकडच्या एका खेड्यातला. आदिलाबादच्या महसूल कचेरीत कारकून म्हणून लागला, तेव्हा घराण्यातला पहिला नोकरदार तोच. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेलं, पदरी दोन मुली. आपलं मन पुरुषांकडेच ओढ घेतं हे त्याला लग्नाआधीच कळलं होतं. पण सांगणार कोणाला?

शहाऐंशीच्या सुमारास त्याला मारोती शिंपी भेटला, मारोतीमुळे आणखी तिघं. संध्याकाळी ते स्टेशनच्या टोकाच्या बाकावर बसत. त्यांच्यासारख्यांना गावात जी नावं होती, त्या सगळ्या शिव्याच. एकदा मारोतीनं विचारलं, "भाऊ, दिवसभर काय लिवून राह्यता?"

नागनाथ म्हणाला, "वावरात खडक असते, नाला असते. तितं पीक येत नाई. तेवढा तुकडा येगळा लिवतो. पोटखराब म्हनतेत त्याले. जमीन वावराचीच, पन तिच्याकडून कोनी पिकाची आस धरत नाई."

 मारोती म्हणाला, "मंग आपन तेच."

तेव्हापासून ते एकमेकांना पोटखराब म्हणू लागले. भर बाजारात 'तो पोटखराब हाय का?' असं विचारता येई. ऐकणाऱ्याला शेतीचं बोलणं वाटे. दोन-चार वर्षांनी नांदेडहून आलेला एक अनोळखी माणूसही तोच शब्द बोलला. त्या दिवशी नागनाथ घरी खुशीत पोरींशी पत्ते खेळला.

पण शब्द पसरला तसा फुटलाही. त्र्याण्णवला कचेरीतल्या एका शिपायाला अर्थ कळला. नागनाथ पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, मोठ्यानं वाचू लागला की मागे खसखस पिके. शब्द गाळता येईना. दर चार ओळींनी तो होताच. नागनाथनं दुसरं काम मागितलं. साहेब म्हणाले, तुझ्यासारखं अक्षर दुसऱ्या कोणाचं नाही. त्याच साली मारोती नागपूरला गेला. तूही चल, म्हणाला.

नागनाथनं बायकोला, द्वारकाबाईला, नागपुरात नोकरी मिळतेय एवढंच सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले समदं ठाव हाय. पोरींचे लगन होऊ द्या. तवरिक कुटं जाऊ नका."

तो थांबला. धाकटीचं लग्न अठ्ठ्याण्णवला झालं. मांडव निघाल्यावर द्वारकाबाईनं विचारलं, "आता जाता का?"

मारोतीची पत्रं यायची तीन वर्षांपूर्वीच बंद झाली होती.  तिनं ताट वाढलं. तो जेवला आणि दहाला कचेरीत गेला.