वाटंत काय दिसलं का?

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे, कारण उद्या दुपारी शर्यत आहे, आणि वही माझ्या मांडीवर आहे. माझं एक ठाम मत आहे, हसू नका: शिडाच्या होड्यांचे गुण आमच्या मेंढरांवाल्या काकांइतके अचूक जगात कुणीच लिहीत नसेल. आणि इतक्या उशिरा तर नक्कीच कुणी लिहीत नसेल.

हो, बीड जिल्ह्यात शिडाच्या होड्या. मी उमापूरची, मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. नौदलातून रिटायर झालेल्या एका सरांनी धरणावर सहा जुन्या होड्या आणून क्लब काढला. दर उन्हाळ्यात आठ शर्यतींची मालिका. काका तलवाड्याचे, धरणाच्या काठाला मेंढरं चारायचे. एकदा तीन होड्या एकदम आल्या, सर म्हणाले बरोबरी, आणि मागून आवाज आला, "बरोबरी कशाची? पयली ती फाटक्या कानाची आली, मंग काळतोंडी, मंग ती लंगडी." सरांनी मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला. काका बरोबर! त्या दिवसापासून गुणांची वही काकांकडे. होड्यांचे नंबर त्यांनी कधीच वापरले नाहीत. माझ्या शिडाचा कोपरा फाटलेला, म्हणून मी कानफाटी. मुक्ताच्या होडीचं नाक काळं, म्हणून ती काळतोंडी. काठावर त्यांची काठी रोवलेली, समोर पाण्यात निळं पिंप, या दोघांच्या मधली रेघ म्हणजे शेवट.

गुणांची पद्धत मात्र काकांना वर्षभर पटली नाही. आमच्यात पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, शेवटच्याला सहा. जो पोचलाच नाही त्याला सात. आठ शर्यतींतली सगळ्यात वाईट एक वगळायची आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. "आरं, मंग जो लई कमावतो तो हारतो का? कावून?" असं ते सरांना रोज विचारायचे. त्यांना तरी का हसायचं? मी एकदा शेवटची आले तर आमच्या पप्पांनी स्टेटस ठेवलं, 'आमच्या कन्येस सर्वाधिक सहा गुण', आणि अर्ध्या उमापूरनं अभिनंदन केलं. मी लाजेनं दोन दिवस फोन उघडला नाही. वाईट शर्यत वगळायचा नियम तेवढा काकांना पहिल्या दिवसापासून आवडला. "एक वंगाळ दिस माफ हाय. हे बेस केलं," म्हणाले.

आता त्यांच्या उशिराचं. पहिली होडी आली की आपण काय करतो? नाव लिहितो. काका पेन्सिल जिभेला लावून तशीच धरून बसायचे. सगळ्या होड्या काठाला लागेपर्यंत एक आकडा लिहायचे नाहीत. मग सहा मोजायचे, एकदा इकडून, एकदा तिकडून, एकदा डोळे मिटून. आम्ही उन्हात करपून ओरडायचो, "काका, लिहा ना!" तर म्हणायचे, "शेवटचं मेंढरू आल्याबिगर पयलं आलं म्हनायचं न्हाई." आणि पाण्यातून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, "वाटंत काय दिसलं का?" रानातून येणाऱ्याला विचारतात तसा. लांडगा, साप, चुकलेलं कोकरू, काही दिसलं का. आम्ही पण न ऐकताच म्हणायचो, "न्हाई काका." पुढं पुढं तर ते विचारायच्या आधीच म्हणायचो.

गेल्या उन्हाळ्यात सात शर्यती झाल्या आणि मी आणि मुक्ता बरोबरीत. अकरा-अकरा. माझी ती सहाची शर्यत वगळलेली, तिची एक पाचाची. म्हणजे शेवटच्या शर्यतीत जी पुढं, कप तिचा. मला आदल्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. पाणी आटून मधे मातीचा मोठा उंचवटा वर आला होता. बाकीचे चौघं त्याच्या अलीकडून गेले, वारा जास्त म्हणून आम्ही दोघी पलीकडून. मुक्ता माझ्या पुढं होती. एक गरम झोत आला आणि तिची होडी आडवी झाली. ती पाण्यात, होडीला धरून. तिनं हात वर केला. मी पाहिला. अंगात जाकीट आहे, बुडायची नाही, सर मोटरबोट काढतीलच, असं सगळं मी एका सेकंदात स्वतःला सांगितलं आणि पुढं गेले. सरांना तिथून दिसतच नव्हतं, हेही मला माहीत होतं.

मी पहिली आले. टाळ्या पडल्या. काका म्हणाले, "वाटंत काय दिसलं का?"

"न्हाई काका."

एकामागून एक चौघं आले. काकांनी इकडून मोजलं, पाच. तिकडून मोजलं, पाच. डोळे मिटून मोजलंच नाही. माझ्याकडं वळून पुन्हा विचारलं, त्याच आवाजात, ना राग ना काही, "पोरी, वाटंत काय दिसलं का?"

"दिसलं," मी म्हणाले. "काळतोंडी. उंचवट्याच्या मागं." आणि रडायलाच लागले.

सर धावले, मोटरबोट गेली. ती दहा मिनिटं मी कशी काढली ते विचारू नका. मुक्ता आली, ओठ पांढरे, एक चप्पल गेलेली, पण धड. काकांनी तिच्या डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "सहा." मग वही उघडली. सरांनी नियम सांगितला, उलटलेल्याला बघून पुढं गेलेल्याला सात, आणि ही शर्यत वगळता येत नाही. काकांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "तुझा आकडा तूच लिही." मी लिहिला. माझे अठरा झाले. मुक्ताचा सात वगळला, पाच परत मोजला, तिचे सोळा. कप तिला. कप घेऊन ती माझ्याजवळ आली, मला वाटलं आता कानाखाली बसते. तर म्हणाली, "ए कानफाटे, पुढच्या खेपंला थांबशील ना गं?"

यंदा काका नाहीत. डोळ्यात मोतीबिंदू. लेकीनं अंबाजोगाईला नेलं, काल ऑपरेशन झालं. वही त्यांनी माझ्याकडंच पाठवली, माझ्याकडंच! मी काल रात्री घाबरून फोन केला, "काका, माझ्याकडून चुकलं तर?"

"चुकू दे. खोडायला रबर हाय. सहा मोज फकस्त."

मग मीच विचारलं, "काका, काय दिसलं का?"

हसले. "पट्टी उद्या निघनार हाय. मंग सांगतो."

मी सकाळपासून फोनकडं बघतेय. ते बघतील ना नीट? आणि एक सांगा, तुम्हाला कधी कुणी एकच प्रश्न दोनदा विचारलाय का, पहिलं उत्तर ऐकलंच नाही असं दाखवून?