गच्चीवरून मागवलेलं ॲट्रोपिन

वरवट बकालच्या पलीकडे, सातपुड्याच्या बाजूला असलेल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात मी फार्मासिस्ट होते. नोकरी नवी होती. गावातली माणसं मला 'गोळ्यावाल्या मॅडम' म्हणायची, पण खरं तर गोळ्या नाहीत हे सांगणं हेच माझं निम्मं काम होतं. मागणीचा कागद जिल्ह्याला जायचा आणि उत्तर यायचं ऋतू बदलल्यावर. खोकल्याचं औषध ऐन उन्हात आणि जुलाबाच्या पुड्या हिवाळ्यात, असा सगळा कारभार.

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत जेव्हा एक छोटा बटणांचा फोन माझ्या हातात ठेवला गेला, तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. दर सोमवारी प्रत्येक औषधाची खूण आणि शिल्लक आकडा मेसेजने पाठवायचा, तो थेट संगणकात जाईल आणि कुठल्या केंद्रात काय कमी, काय जास्त हे सगळ्यांना दिसेल, असं आम्हाला शिकवलं. परत येताना एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, फोन सरकारनं दिला का? मी हो म्हटलं, तर तिने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली की मग चालणार नाही.

आमच्या केंद्रात तो खरंच चालेना. रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर. गच्चीला जिना नव्हता, लोखंडी शिडी होती. पहिल्या सोमवारी मी पदर खोचून वर चढले. खाली आमच्या सिस्टर शिडी धरून उभ्या. त्यांचे केस याच केंद्रात पांढरे झाले होते आणि फोनवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पेशंटची रांग मोडून सगळे अंगणात आले. "मॅडम काऊन चढून राह्यल्या?" असं एका म्हातारबाबांनी विचारलं, तेव्हा सिस्टरनी शांतपणे सांगितलं की औषध बोलवाले गेल्या.

एक अक्षर उमटायला तेच बटण तीनदा दाबावं लागायचं. घामाने बोट घसरायचं. शेवटी मेसेज गेला, आणि मी टाकीपासून हलते न हलते तोच फोन थरथरला. साठा नोंदवला, धन्यवाद, असं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. शिडीवर पाय ठेवता ठेवताच मी ते ओरडून वाचलं. सिस्टर म्हणाल्या, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. आजवर सरकारनं आम्हाला धन्यवाद म्हटलं नव्हतं. सिस्टरनी त्या आनंदात शिडी सोडून टाळ्या वाजवल्या आणि मी गच्चीच्या कठड्याला लटकले. तरी हसतच होते.

आमचे डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, फार शिस्तीचे. ॲप्रनला कायम इस्त्री. त्यांनी खिडकीतून हा प्रकार पाहिला आणि एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी शिडी दोघांनी धरा.

मग फवारणीचे दिवस आले. कपाशीचं नवं बीटी बियाणं आलं तेव्हा आता फवारायचं कामच उरलं नाही, असं सगळीकडे बोललं गेलं होतं. बोंडअळी कमी झालीही, पण मावा-तुडतुड्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. पाठीवर पंप, तोंडाला साधा रुमाल, आणि पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, छातीपर्यंत आलेली. विषबाधेचे पेशंट यायला लागले. त्यावर द्यायचं ॲट्रोपिनचं इंजेक्शन माझ्या कपाटात भराभर कमी होत गेलं. मी सोमवारची वाट न पाहता गच्चीवर गेले आणि आकडा पाठवला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याची गाडी नाही आली. आली एक लूना. मागे दोरीने बांधलेलं खोकं, आणि चालवणारे गृहस्थ शेजारच्या केंद्राचे फार्मासिस्ट. त्यांच्या फोनवर निरोप आला होता की तुमच्याकडे जास्त आहे, यांना द्या. त्यांच्या भागात संत्र्याच्या बागा जास्त, कापूस कमी, म्हणून त्यांचं ॲट्रोपिन पडून होतं. मी खोकं छातीशी धरून आत पळाले. त्यांना पाणी विचारायचंही राहिलं, ते सिस्टरनी विचारलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी ऑटोतून एक चाचा आले. त्यांच्या शेतात थोडी वांगी, बाकी कापूस, आणि बाजाराच्या दिवशी भाजीचं दुकान. त्यांचा अबोलपणा गावात प्रसिद्ध होता. गिऱ्हाइकाने भाव विचारला तर बोटं दाखवायचे. आता तोंडातून फेस येत होता, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास घरघरत होता. चाची ऑटोतून उतरल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी कपडे काढून अंग साबणाने धुवायला लावलं आणि ॲट्रोपिन सुरू केलं. एक झालं की दुसरं. मी कुप्या फोडून देत होते, सिस्टर सिरिंज भरत होत्या. एरवी आमच्याकडचं संपलं की पेशंट खामगावला, आणि त्या रस्त्याने सगळेच पोचायचे नाहीत. त्या दिवशी डॉक्टरांनी हात पुढे केला की हातात इंजेक्शन होतं. एकदाही मला 'नाही' म्हणावं लागलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला श्वास मोकळा झाला. आणि चाचा बोलायला लागले.

ॲट्रोपिन जास्त झालं की माणूस बरळतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं पहिल्यांदाच. चाचा हवेत बोटं नेऊन काहीतरी वेचत होते. "सारं शेत फुटलं," ते म्हणाले. "उभे काय राह्यले बे, येचा ना." चादरीवरून वेचलं, सिस्टरच्या टोपीवरून वेचलं. मग डॉक्टरांकडे पाहून रागावले की हा शहरातला गडी नुसता उभा राहून मजुरी मागतो.

चाची भिंतीपासून हळूच पुढे आल्या. माझ्या कानाशी म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून एवढे बोलले नाई हो मॅडम."

सिस्टरना पहिलं हसू फुटलं. ते दाबायला त्या चाचांबरोबर कापूस वेचायला लागल्या, गंभीर चेहऱ्याने, दोन्ही हातांनी. मीही लागले. इतक्या वेळाची सगळी भीती हसण्यातून बाहेर पडत होती. चाचांनी मूठ भरली आणि ठेवायला जागा शोधू लागले, तेव्हा डॉक्टर पुढे झाले आणि त्यांनी आपल्या इस्त्रीच्या ॲप्रनची झोळी केली. चाचांनी त्यात नसलेला कापूस टाकला. डॉक्टर म्हणाले, "आता डोस कमी करू," आणि तसेच झोळी धरून उभे राहिले. चाची पदरात तोंड घालून हसत होत्या की रडत होत्या, ते आम्ही कोणी विचारलं नाही.

सकाळपर्यंत चाचा शुद्धीवर आले आणि पुन्हा गप्प झाले. आणखी काही दिवस डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं. घरी जाताना दारात थांबून त्यांनी मान खाली घालून चाचींना विचारलं, "मी काई बोललो का?"

"हाव," चाची म्हणाल्या. "लय बोलले. चाला आता, ऑटोत बसून उरलेलं बोला."