घरच्या वाफ्यातला पालक

त्या दिवशी सकाळी मी आणि बायकोने पालकाच्या बावीस जुड्या बांधल्या. तेविसावी तिने बांधली आणि बाजूला, ओल्या गोणपाटाखाली ठेवली.

"ही कशाला वेगळी?" मी विचारलं.

"कॉलेजच्या पोरीची. उद्या येणारे ना ती."

मी ती जुडी उचलून टोपलीत फेकली. "पोरीला घरच्या वाफ्यातला जाईल. दर वेळी जातो तसा."

"अहो, किती दिवस असं?"

"तोंड बंद ठेव आणि बांध."

तिने बांधलं नाही. पदराला हात पुसले, चहा टाकायला खोपीकडे गेली आणि खोपीच्या दारात खाली बसली. बसली ती बसलीच. रिक्षात घालून डोंबिवलीला नेली. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास होता. बारा वाजायच्या आत डॉक्टर बाहेर आले, हार्ट म्हणाले. बेचाळीस वर्षं संसार केला आणि शेवटचं बोललो ते हे.

पालकाने गेली असं मी म्हणत नाही. आम्ही तो कधी खाल्लाच नाही.

ठाकुर्लीला रुळांच्या कडेला हिरवी पट्टी दिसते, त्यातला एक तुकडा मी तीस वर्षं कसतोय. पालक, माठ, मुळा. पाणी नाल्याचं. नाल्यात काय काय येतं ते मला विचारू नका, वासावरून मी वार सांगतो. पट्टीवरचा प्रत्येक जण एक लहान वाफा वेगळा राखतो. त्याला हातपंपाचं पाणी घालतो. तो घरचा वाफा. त्यातलं विकायचं नाही आणि विकायचं ते खायचं नाही. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही, आणि त्यावर कोणी बोलतही नाही.

पोरगी ठाण्याच्या एका कॉलेजातली. तिचं संशोधन चाललेलं. नाल्याच्या पाण्यातलं शिसं पाल्यात उतरतं आणि पाल्यातून माणसात, ते अडवायचं कसं, हे तिचं काम. तिने आणि तिच्या सरांनी माझ्या तुकड्याच्या वरच्या टोकाला टाकी बांधली. खाली गोटे, वर खडी, कोळसा, वाळू, आणि त्यात कर्दळ लावलेली. नाल्याचं पाणी एकीकडून आत सोडायचं, ते झिरपून दुसरीकडून बाहेर येणार. आम्ही तिला गाळणी म्हणायचो. मोठा वाफा गाळणीच्या पाण्यावर काढायचा, आणि दर पंधरा दिवसांनी पोरगी एक जुडी तपासायला नेणार, असं ठरलेलं. तिला कॉलेज गाठायची घाई, म्हणून जुडी आम्ही आधीच कापून ठेवायचो.

गाळणीची धार करंगळीएवढी. उन्हाळ्यात अकरा वाजले की पालक माना टाकतो. मी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी मोटारीचा पाइप नाल्यात टाकला आणि थेट वाफ्यात सोडला.

पोरगी पहिल्यांदा जुडी न्यायला आली तेव्हा मोठा वाफा नुकताच कापून झालेला. तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून घरच्या वाफ्यातला पालक दिला. खरंच तेवढंच मनात होतं. पंधरा दिवसांनी ती नाचतच आली.

"काका, तुमचा पालक एकदम क्लीन आला! मावशी, गाळणी चालली!"

बायकोने तिला चहा दिला आणि माझ्याकडे बघितलं. पोरगी गेल्यावर म्हणाली, "सांगा तिला."

"सांगून काय? टाकी उचलून नेतील. बोभाटा झाला तर सगळी पट्टी बंद. मग काय, गोटे खायचे?"

"आणि लोक काय खातात?"

"तीस वर्षं जे खातात ते."

त्यावर ती कप विसळायला गेली. पण पुढे चार वेळा घरच्या वाफ्यातली जुडी गेली आणि चारही वेळा तिने ती बांधली नाही. मीच बांधली.

गेल्या खेपेला पोरगी म्हणाली, आता फक्त एकदाच. ही जुडी चांगली आली की कोपरीच्या मळ्यांत अशाच टाक्या बांधायच्या, मग कल्याणपर्यंत. जुडी न्यायची त्याच दुपारी तिकडची माणसं माझा वाफा बघायला येणार होती. त्या दिवसापासून बायकोने मला सुखाने जेवू दिलं नाही.

"ती माणसं टाकीवर भरवसा ठेवतील," ती म्हणायची. "घरचा वाफा मोडतील. टाकीच्या पाण्यावरचंच पोरांना घालतील. मग?"

"टाकी चांगली असेल की."

"असेल ना! तुम्ही चालू दिलीत का तिला? डोकं नाल्यात धुतलंय तुमचं."

मग मी आवाज चढवायचो. त्या सकाळीही तेच केलं.

संध्याकाळी बायकोला स्मशानात पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात माणसं बसलेली. मी चपला घातल्या. लेक उंबऱ्यात आडवी आली.

"बाबा, कुठे निघालात?"

"वाफ्यावर."

"आज? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. सरक."

पोरगी आधीच आलेली. बर्फाचा डबा खांद्याला, हातात बिस्किटांचा पुडा. तिला काही माहीत नव्हतं.

"मावशी कुठेय?"

"काल गेली."

तिचा चेहरा रडवेला झाला. पण मी तिला रडू दिलं नाही. ती रडली असती तर मला पुढचं बोलता आलं नसतं. दंडाला धरून नाल्यापर्यंत नेली आणि पाइप दाखवला. मग घरचा वाफा दाखवला. सगळं सांगितलं.

तिने खांद्यावरचा डबा खाली ठेवला. "किती वेळा, काका?"

"पाचही वेळा."

"म्हणजे माझं सगळं काम..."

"खोटं. माझ्यामुळे."

"आणि दुपारी ती माणसं येतायत, त्यांना काय सांगू मी?"

"तू नको सांगूस. मी सांगतो, तोंडावर."

"मावशीला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून सांग म्हणत होती."

टोपली आदल्या दिवशीची तशीच पडलेली, पाला मऊ झालेला. पोरीसाठी ठेवलेली जुडी कुठली ते मला ओळखेना. मीच फेकलेली. माझे दोरीचे वेढे तीन, तिचे दोन. दोन वेढ्यांच्या दहा-बारा निघाल्या. त्यातली एक उचलून पोरीच्या हातात दिली.

"कालची चालेल?"

"चालेल."

"ह्यातलीच एक तुझ्यासाठी ठेवलेली तिने. सगळा एकाच वाफ्यातला आहे."

पोरीने ती पिशवीत घातली, पेन काढलं. "काय लिहू?"

"नाल्याचं पाणी, लिही."

तिने लिहिलं आणि खोपीच्या सावलीत जाऊन बसली, त्या माणसांची वाट बघत. पुडा फोडला नव्हता.

बाकीच्या जुड्या मी खड्ड्यात टाकल्या, वर माती ओढली. पाइप नाल्यातून ओढून काढला आणि गुंडाळून ठेवला. मग गाळणीच्या तोंडाशी बादली लावली. ती भरेपर्यंत तिथेच बसलो. भरल्यावर मोठ्या वाफ्याच्या पहिल्या ओळीत ओतली आणि परत आणून धारेखाली ठेवली.