मडगार्डवरच्या दोन थापा

दंताळेवाल्याचा ट्रॅक्टर होता लहानखुरा, पण आवाज थोरल्याचा. तो सुरू झाला की कानाशी येऊन कुणी ओरडलं तरी कळायचं नाही. त्यामुळे कामाच्या वेळी नवराबायकोत तोंडाचा कारभारच नव्हता. जे काय बोलायचं ते मडगार्डवर.

लोकांची आवारं साफ करून द्यायची, हा त्यांचा धंदा. शाळांची, गोदामांची, झाडं असलेल्या बंगल्यांची. ट्रॅक्टरच्या मागे लोहाराने बनवून दिलेलं दंताळं, बारीक लवचीक दातांचं, एखाद्या राक्षसिणीच्या कंगव्यासारखं. ते पाला ओढत आवाराच्या टोकाला जायचं. तिथे बायको दंताळ्याला बांधलेली दोरी खेचायची. दात वर उचलले जायचे आणि ढीग खाली राहायचा. दात वर असतील तरच ट्रॅक्टर मागे घ्यायचा, नाहीतर ते उलटे वाकतात. म्हणून ती दोरी खुंटीला अडकवायची, दातांत एखादी काटकी राहिली असेल तर हाताने ओढून काढायची, बाजूला व्हायची आणि मडगार्डवर तळव्याने दोन थापा मारायची. उचललंय, मी बाजूला आहे, या मागे. एवढं सगळं त्या दोन थापांत. त्या त्याला ऐकू यायच्या असंही नाही. सीटमधून पाठीच्या कण्याला कळायच्या. मान वळवून बघायची सवयच त्याला लागली नाही. गरजच काय होती?

लोक तिला दोरीकाकू म्हणायचे. एखादा चेष्टेखोर घरमालक म्हणायचा, "काकू, तुमचं लग्न ह्यांच्याशी झालंय की दोरीशी?"

"दोरी बरी," ती म्हणायची. "ओढलं की ऐकते तरी."

पण संसारभर ट्रॅक्टरच्या मागे चालून तिचे गुडघे गेले. बसताना आई गं, उठताना आई गं. डॉक्टरने स्पष्टच सांगितलं की हे चालणं थांबलं तर पाय राहतील, नाहीतर अंथरूण धरायचं. लेक माहेरी आली आणि बापावर कडाडली, "बाबा, आई काय तुमचा बैल आहे? बैलालासुद्धा म्हातारपणी सोडतात!"

ते शब्द त्याच्या मनात काट्यासारखे रुतले. हिचे पाय वाचले पाहिजेत, हे एकच खूळ डोक्यात घेऊन तो अवजारांच्या दुकानात गेला.

दुकानदार बोलका होता. "एकाच चपलेने लग्नातही जायचं आणि मसणातही, असं कुठे असतं का? पाल्याला बारीक तारेचे दात. फांद्या, दगडगोटे असतील तर जाड, वाकडे. पेंढा गोळा करायला फिरत्या चाकांचं. तुमचं काम कसलं?"

"सगळंच."

"मग हे जाड दातांचं घ्या. मागे दोन छोटी चाकं आहेत, दात जमीन खरवडत नाहीत. तिरकं लावलं की ढीग एका बाजूला पडतो."

त्याने खूप बघून घेतलं. रुंदी आधी. फाटकातून जात नसेल तर रुंदी काय चाटायची? मग वजन. मागे फार जड झालं तर ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं. दात ठोकून पाहिले, बोल्ट हलवून पाहिले. शेवटी विचारलं, "उचलायचं कसं?"

"सीटशेजारी लिव्हर. ओढली की वर, दाबली की खाली. दातांत काही अडकलं आणि ट्रॅक्टर जड गेला, तर खाली उतरायचंसुद्धा नाही. एकदा खाली आपटायचं, परत उचलायचं. सुटतं सगळं. मागे माणूस लागतच नाही."

"माणूस लागतच नाही?" त्याने पुन्हा विचारलं.

"लागतच नाही."

घरी आणल्यावर बायकोने त्या दंताळ्याभोवती एक फेरी मारली. "दोरी कुठाय?"

"दोरीची गरज नाही आता."

"मग मी काय करू?"

"बसायचं. खुर्ची घेऊन जाऊ बरोबर."

"आणि बसून?"

"मला बघायचं."

"इतकी वर्षं तुमची पाठच बघितली," ती म्हणाली. "तोंड दाखवणार असाल तर बसते."

तो हसला. लेकीच्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच हसला.

पहिलं काम एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या आवारात होतं. वादळाने झाडं मोडली होती, फांद्यांचा नुसता खच. भिंतीलगत सावलीत त्याने खुर्ची मांडली आणि बायकोला बसवलं. परक्याच्या लग्नात बसावं तशी ती हात मांडीवर ठेवून बसली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. लिव्हर लोण्यासारखी चालत होती. त्याने एकदा मुद्दाम वळून पाहिलं. ती बसलेली होती. त्याला बरं वाटलं. आता वळून बघायचं कारण नाही, असंही वाटलं.

तिसऱ्या ओळीच्या टोकाला त्याने लिव्हर ओढली. दात वर आले, पण एक काटेरी फांदी दोन दातांमध्ये लोंबत राहिली. ती त्याला दिसली नाही. तिला दिसली.

आयुष्यभराचा हात तो. आई गं म्हणत ती उठली, लंगडत गेली आणि फांदीला हात घातला.

त्याच्या हिशेबी ती खुर्चीवर होती. थापांची वाट बघायची नव्हती. त्याने ट्रॅक्टर मागे घेतला. दंताळं कशाला तरी भिडलं, इंजिन घुसमटलं. अडकलं काहीतरी, तो मनात म्हणाला. आणि दुकानदाराने शिकवलं होतं तसं त्याने लिव्हर दाबली. दंताळं खाली आपटलं. उचललं. तरी मोकळं वाटेना, म्हणून आणखी एकदा आपटलं.

मग त्याला समोर व्हरांड्यात बाई दिसल्या. त्यांचं तोंड उघडं होतं आणि दोन्ही हात हवेत होते. त्याने इंजिन बंद केलं, तेव्हा कुठे त्यांची किंकाळी त्याच्या कानावर आली. बायको ओरडत नव्हती.

पाय मांडीपासून काढावा लागला. दवाखान्यात ती शुद्धीवर आली तेव्हा तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. डोक्याशी यायची हिंमत नव्हती.

"थाप मारायची होतीस," तो कसाबसा म्हणाला.

"हात पोचत नव्हता."

त्याला रडू फुटलं, तेव्हा तीच म्हणाली, "रडू नका. एक गुडघा तरी दुखायचा थांबला."

नवं दंताळं त्याने घरामागे भिंतीकडे दात करून उभं केलं आणि वर गोणपाट टाकलं. जुनं पुन्हा जोडलं. आता टोकाला तोच उतरायचा, दोरी खेचायचा, खुंटीला अडकवायचा, वाकून खाली बघायचा, परत सीटवर चढायचा. आणि तरीही रिव्हर्स टाकायचा नाही. भिंतीलगत खुर्चीत बसलेली बायको कुबडी वर करायची. ती वर झालेली दिसली, की मग मागे यायचा. निम्म्या दिवसाचं काम दिवसभर चालायचं. गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण कुबडीकडे बघून गप्प बसायची.

पुढे तिची जखम चिघळली, ताप भरला. एका बंद पडलेल्या कारखान्याचं आवार कबूल केलेलं होतं. तिनेच त्याला ढकलून पाठवलं. "जा. शब्द दिलाय."

पहिल्या ओळीच्या टोकाला, भिंतीपाशी, त्याने दोरी खेचली. खाली वाकून पाहिलं. सीटवर बसला. मागे सगळं मोकळं होतं. पाय क्लचवर होता आणि पाय उठेना.

कारखाना चालू असताना ह्या दोघांचं काम बघितलेला रखवालदार आला. हातवारे केले, या, या. ह्याची मान हलेना. शेवटी रखवालदाराला नवराबायकोची जुनी रीत आठवली असावी. पुढे होऊन त्याने मडगार्डवर दोन थापा मारल्या.

दंताळेवाल्याने इंजिन बंद केलं.

"अहो, मागे कोणी नाही! घ्या की!"

"हातदंताळं असेल का तुमच्याकडे?" तो म्हणाला.

रखवालदाराने आणून दिलं. अख्खं आवार त्याने हाताने ओढलं. घरी गेला तेव्हा तळहात सोलले होते.

"झालं आवार?" बायकोने विचारलं.

"झालं."

"ट्रॅक्टरचा आवाज नाही आला."

"तिथेच आहे. भिंतीला तोंड लावून."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला समजलं होतं. "मला घेऊन चला उद्या. घमेल्यात घालून न्या हवं तर."

"ताप आहे तुला."

"मग उतरेपर्यंत राहू दे ट्रॅक्टर तिथे."

ताप उतरला नाही.

लेक येऊन बापाला आपल्याकडे घेऊन गेली. ट्रॅक्टर कुणी हलवला नाही. रखवालदार म्हणतो, खुंटीवर दोरी अजून तशीच आहे आणि दंताळ्याच्या दातांमधून गवत वर आलंय.