आईच्या नावाने लिहिलेला स्वभाव

मला वाचायला शिकवलं ते पत्रकांनी. वडील कामगार संघटनेचं काम करायचे आणि ठाकुर्लीच्या आमच्या दोन खोल्यांत पिवळ्या-गुलाबी पातळ कागदांचे गठ्ठे कायम पडलेले असायचे. सहाव्या वर्षी मी पत्रकाच्या घड्या घालायला शिकले, दहाव्या वर्षी प्रूफ तपासायला. वडिलांचे नियम मोजके होते. मागणी पहिल्या ओळीत. 'कृपया' नको, 'क्षमस्व' नको. समोरचा खासगी रडगाणं गायला लागला की त्याला मूळ मुद्द्यावर आणायचं. मला हे नियम अजूनही बरोबर वाटतात. म्हणून तर पुढचं लिहायला जड जातंय.

वडील जाऊन तीन वर्षं झाली. मी कळव्याला भाड्याने राहते, आई ठाकुर्लीच्या त्याच घरात एकटी. आमची इमारत चार मजली, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. गेल्या वर्षी सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं वारं शिरलं. संमतीपत्रावर सह्या घेत कमिटीची माणसं दारोदार फिरू लागली आणि आईच्या फोनवर दिवसभर मेसेज येऊन पडू लागले. करार मी वाचला होता. नव्या घराचा ताबा कधी मिळणार, हे त्यात कुठेच नव्हतं. मी आईला म्हटलं, सही करू नकोस. ती म्हणाली, "बघू."

तो 'बघू' मी नकार म्हणून घेतला. आमच्या घरात 'बघू'चा दुसरा अर्थ कधी कुणी विचारलाच नव्हता.

आईला मोतीबिंदू, त्यात बोटं संधिवाताने आखडलेली. टाइप करणं तिला जमत नाही. म्हणून मी तिच्या फोनवर एक एआय मदतनीस बसवला. तो आलेले मेसेज वाचतो, उत्तरं देतो आणि संध्याकाळी दिवसभरात कुणाकुणाचे मेसेज आले तेवढं मोठ्याने सांगतो. त्याचा स्वभाव कसा असावा हे लिहायला एक रिकामी चौकट असते. एका रविवारी दुपारी आई भांडी घासत असताना मी ती भरली:

"तू एका ताठ बाईच्या वतीने बोलतोस. ती घाबरत नाही. माफी मागू नकोस. गोड बोलून मुद्दा पातळ करू नकोस. दबाव आला तर त्याला दबावच म्हण. खासगी कारणं पुढे करून कुणी सही मागितली तर बोलणं मूळ प्रश्नावर आण. तिने अजून संमती दिलेली नाही, देणारही नाही."

वाचून बघितलं आणि खूश झाले. वडिलांनी एकही शब्द कापला नसता. उत्तर आधी विचारून पाठवायचं की थेट, असंही त्याने विचारलं होतं. मी थेट म्हटलं. बिचारीला प्रत्येक वेळी कशाला त्रास!

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. कमिटीच्या सेक्रेटरीला असं काही खणखणीत उत्तर गेलं की मी ते स्वतःच्या फोनवर घेऊन दोन मैत्रिणींना दाखवलं.

चौथ्या रविवारी गेले तर आई ओट्यापाशी उभी. समोर स्टीलचा डबा.

"काकूंनी परत पाठवला," ती म्हणाली.

काकू म्हणजे खालच्या, पहिल्या मजल्यावरच्या. मूळच्या सावंतवाडीकडच्या. तीस वर्षं आमचा एकच डबा त्यांच्या घरातून आमच्या घरात फिरतोय. त्यांच्याकडून आंबोळ्या येतात, आमच्याकडून पुरणपोळ्या जातात. रिकामा डबा कुणी परत करत नाही. घरात काहीच नसलं तर निदान चिमूटभर साखर तरी असते.

मी झाकण काढलं. डबा घासूनपुसून लख्ख होता आणि आत काही नव्हतं.

"तुझ्या त्या पोपटाला विचार, तो काय बोलला," आई म्हणाली.

मी फोन उघडला. काकूंचा मेसेज मंगळवारचा होता: "वहिनी, जमलं तर सही करा हो. ह्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून चार माणसांनी उतरवावं लागतं. नव्या बिल्डिंगला लिफ्ट असेल. रागावू नका."

खाली आईच्या नावाने उत्तर होतं. मी ते मोठ्याने वाचलं: "वैयक्तिक अडचणींचं भांडवल करून सामूहिक निर्णय लादता येणार नाही. हा भावनिक दबाव आहे. मूळ प्रश्न कराराचा आहे."

काका दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत. वडिलांच्या शेवटच्या आजारात त्यांना जिन्यावरून उचलून नेणाऱ्यांत सर्वांत पुढे काका होते.

"हे कुणी लिहिलं?" आईने विचारलं.

"त्याने."

"आणि त्याला कुणी शिकवलं?"

तिने काट्यात अडकलेली ओढणी सोडवावी तसा माझ्या हातातून फोन हळूच काढून घेतला आणि पालथा ठेवला.

"तुझ्या बाबांनी एकदा असंच केलेलं," ती म्हणाली. "पत्रकाखाली नावं टाकायची होती, बायकांची नावं कमी पडत होती. माझं टाकलं. मला कळलं कधी, तर मी शिकवायचे त्या बालवाडीच्या बाईंनी ते पत्रक माझ्यासमोर धरलं तेव्हा. मी वाचलेलंसुद्धा नव्हतं."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, हो, माझंच आहे. नवऱ्याला खोटं पाडू? पुढच्या वर्षी बालवाडीने मला कामावर बोलावलं नाही."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी त्याही पत्रकाच्या घड्या घातल्या असतील. 'नावं नंतर विचारू, छपाई थांबत नाही,' हे वडिलांचं वाक्य आम्ही घरात हसत हसत सांगायचो.

"सॉरी," मी म्हटलं.

"मला नको. लिही. ते काय लिहितेस ना, चौकटीत, ते परत लिही. मी सांगते."

मी जुनं पुसलं. ती पदराला हात पुसत सांगू लागली. "आधी तब्येत विचारायची. मग घरच्यांची. कामाचं शेवटी. रागाने बोलायचं असेल तर बोलायचंच नाही, मला हाक मारायची. आणि काही पाठवायच्या आधी मला वाचून दाखवायचं."

"आणि सहीचं विचारलं तर?"

"सांगायचं, देणार आहे."

"आई, अगं करारात ताब्याची तारीखसुद्धा नाहीये! उद्या हे लोक—"

"ते तू सोसायटीच्या मीटिंगला येऊन सांग. उभी राहा, तुझ्या नावाने सांग. मी ऐकेन. पटलं तर थांबेन."

मी वाद घातला. बराच वेळ घातला. माझं म्हणणं चूक नव्हतं, आजही नाही. पण ती फक्त चौकटीकडे बोट दाखवत राहिली. शेवटी मी टाइप केलं: "ती सही देणार आहे." मला न पटलेलं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं आणि ते शब्द बदलून थोडं सैल करण्याचा मोह दोनदा आवरला.

माफीचा मेसेज तिने लिहू दिला नाही. आम्ही खाली गेलो. काकूंनी दार उघडलं, या म्हणाल्या, पाणी दिलं. आतल्या खोलीतून काकांनी विचारलं, "कोण गं?" काकू म्हणाल्या, "वरच्या वहिनी." नेहमी त्या 'आपल्या वहिनी' म्हणतात.

मी सगळं सांगितलं. यंत्र, चौकट, माझी वाक्यं.

"मला वाटलंच होतं, वहिनी असं बोलायच्या नाहीत," काकू म्हणाल्या. "पण नाव तुमचंच होतं हो. मी ह्यांना वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं. दोन दिवस दवाखान्याला नको म्हणत होते. म्हणाले, लोकांना आपला त्रास होतोय."

आई तिथेच पलंगाच्या कडेला बसून रडली. मला रडू आलं नाही. मला उठून जावंसं वाटत होतं आणि तेवढंही धैर्य नव्हतं.

मीटिंगमध्ये मी बोलले. ताब्याच्या तारखेचं कलम घालायचं कमिटीने तोंडी मान्य केलंय, लेखी अजून नाही. आईने सही अजून दिलेली नाही. ती तारखेसाठी थांबली आहे आणि का थांबली आहे ते तिने काकूंना स्वतः जाऊन सांगितलं. डबा आता पुन्हा भरून येतो. पण काकू आईच्या मेसेजवर विश्वास ठेवत नाहीत. कितीही साधा असो, लगेच फोन येतो: "वहिनी, हे तुम्हीच ना?"

म्हणून आईने मदतनीसाकडून लिहून घेणं बंद केलं. ती आता आवाज रेकॉर्ड करून पाठवते. गेल्या रविवारी तिने पाठवलं, "काकांना आज बरं वाटतंय का? संध्याकाळी सूप पाठवते." दोन मिनिटांत फोन वाजला. स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"वहिनी, आवाज तुमचाच होता ना? हल्ली आवाजसुद्धा बनवतात म्हणे."

आई हसली. "माझाच हो." पलीकडून काकूही हसल्या, थोड्या उशिराने. फोन ठेवल्यावर आई गुडघ्यावर हात टेकून उठली, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि दोन मजले उतरून गेली, ती तीच आहे हे दाखवायला.