साखर कशी मोडते

कुठल्याही विषयावरून आमचे साडू तिसऱ्या वाक्याला साखरेवर येत, आणि त्यांना अडवणारा माणूस अख्ख्या पश्चिम खानदेशात जन्मला नव्हता. ते लोणखेड्याला राहत आणि जवळच्या शाळेत शास्त्र शिकवत. पंगतीत जिलेबी आली की त्यांनी शेजारच्याचा हात धरलाच म्हणून समजा. "चुलीत टाकली तर भसकन जळेल ही. शरीरातली पेशी दहा टप्प्यांत मोडते. आधी पदरची थोडी शक्ती घालते, मग दुपटीने काढून घेते." तोवर वाढपी पुढे गेलेला असे. नंदुरबारच्या मिरची बाजारात तर त्यांनी पाठीवर पोतं असलेल्या हमालाला थांबवून विचारलं, "पोटऱ्या दुखतस का?" तो हो म्हणाला आणि फसला. दम पुरला नाही की साखर अर्धवट मोडते आणि दह्यातलं आम्ल स्नायूत साठतं, हे सगळं त्याने पोत्यासकट ऐकलं. शेवटी म्हणाला, "मास्तर, आते पोतं उतारू का?"

हेच मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून साडूंनी वर्गात मोहाची फुलं मडक्यात भिजत घातली. फुलांतली साखर किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, पेशीही तशाच टप्प्यांनी मोडतात, फक्त शेवटी आपल्यासारखं आम्ल न होता दारू होते. फुलं आणली होती शाळेच्या शिपायाने, सातपुड्यातल्या एका पावरा आदिवासीने. वास बाहेर गेला आणि भर तासाला अबकारीचे साहेब दारात उभे राहिले. हेडमास्तरांनी साडूंना बाजूला घेतलं. "मडकं शिपायाचं म्हणा. तो जाईल तुरुंगात, तुमची नोकरी वाचेल." साहेबांनी शिपायाचं नाव कागदावर उतरवलंही होतं, आणि तो खाली मान घालून उभा होता. त्याच्या बाजूने बोलणारं तिथे कोणी नव्हतं.

एरवी वर्गात पुस्तकी बोलणारे साडू त्या दिवशी घरच्या भाषेवर आले. "मडकं मन्हं शे," ते साहेबांना म्हणाले. "फुलं आनाले मीच त्याले सांगेल व्हतं. त्यानं नाव खोडा, मन्हं लिखा. आन धडा बाकी शे, तो होऊ द्या." साहेब चक्क थांबले. उरलेले टप्पे फळ्यावर लिहून झाल्यावरच साडूंनी मडकं त्यांच्या हवाली केलं.

दंडावर सुटले, पण नोकरी गेली. मी तणतणलो, "पदरात दोन पोरी आहेत. एकदा हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"त्याचं बिघडलं असतं," एवढंच म्हणाले. त्यांना खुळा म्हणणारे अजून भेटतात, आणि मी अशा लोकांशी अजून भांडतो.

शिपाई नोकरीत राहिला. शाळेची घंटा तोच द्यायचा, आणि ती लोणखेड्यापर्यंत ऐकू येई. साडू उठून खुंटीवरचा कोट अंगात चढवत, सगळी बटणं लावत आणि मग ओट्यावर बसून राहत. मला ते बघवत नसे.